जसे आहे, जेथे आहे

वर्तमानपत्रात एक पान असं असतं, जे कोणी वाचत नाही आणि ज्यावर आपलं नाव कधी येऊ नये असं प्रत्येकाला वाटतं. बारीक टाइप, एकाला एक चिकटलेल्या चौकटी, 'ज्याअर्थी' आणि 'त्याअर्थी'. कर्जदाराचं नाव, जामीनदाराचं नाव, थकीत रक्कम, मग मिळकतीच्या चतुःसीमा: पूर्वेस रस्ता, पश्चिमेस अमक्याचं घर, दक्षिणेस बोळ. आणि शेवटी ते वाक्य: सदर मिळकत 'जसे आहे जेथे आहे, जसे आहे जे आहे आणि जे काही आहे' या तत्त्वावर विकली जाईल.

गेली दोन वर्षं मी हे पान रोज वाचतो. माझं वय अठ्ठावीस, नोकरी हिंजवडीत, गाव आष्टा. इंजिनिअरिंगही गावातल्याच कॉलेजात झालं. पुण्यात फ्लॅट घ्यायचा तर आयुष्यभराचा हप्ता, आणि तोही अठराव्या मजल्यावर. म्हणून बँकेच्या लिलावातल्या घरांकडे वळलो. माझ्यासारखे बरेच जण वळलेत. यूट्यूबवर 'बँक लिलावात निम्म्या किमतीत घर' अशा व्हिडिओंचा पाऊस आहे. माझा कॉलेजचा एक मित्र पिंपरीत असे दोन फ्लॅट घेऊन, रंगरंगोटी करून, विकून मोकळा झालाय. त्याच्या नादानं मी एक स्क्रिप्ट लिहिली. ती लिलावाच्या जाहिराती गोळा करते आणि सांगली, सातारा, कोल्हापूरच्या मिळकती एका शीटमध्ये टाकते. राखीव किंमत, माझ्या अंदाजाचा बाजारभाव, दोन्हींतला फरक. फरक जास्त असेल तर ओळ हिरवी होते.

एक गोष्ट आधी सांगतो, कारण व्हिडिओंमध्ये ती चुकीची सांगतात. २००८ च्या मंदीनंतर अमेरिकेत लाखो घरं बँकांच्या मालकीची झाली. कर्जदार गेला, लिलावात कोणी आलं नाही, घर बँकेच्या नावावर चढलं, आणि मग बँकेनं ते एखाद्या दुकानदारासारखं विकायला काढलं. आपल्याकडे सहसा असं होत नाही. उलट बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ९ नुसार बँकेला स्वतःच्या वापराची नसलेली स्थावर मालमत्ता साधारण सात वर्षांपेक्षा जास्त काळ बाळगता येत नाही. आपल्याकडच्या लिलावात बँक विकते ते कर्जदाराचं घर. विक्री पूर्ण होईपर्यंत त्या घराचा मालक तोच असतो, ज्याचं नाव चौकटीत छापलेलं आहे. हा फरक कागदी वाटतो. तो किती खरा आहे ते मला आष्ट्यातच कळलं.

कायदा २००२ चा, सरफेसी. त्याआधी बँकेला वसुलीसाठी कोर्टात वर्षानुवर्षं बसावं लागे. या कायद्यानं तिला कोर्टाच्या दारात न जाता तारण विकायची मुभा दिली. हप्ता नव्वद दिवस थकला की खातं एनपीए होतं. मग साठ दिवसांची मागणी नोटीस. कर्जदारानं हरकत घेतली तर पंधरा दिवसांत बँकेनं लेखी उत्तर द्यायचं. तरी पैसे आले नाहीत तर ताबा. हा ताबा बहुतेकदा आधी सांकेतिक असतो, म्हणजे भिंतीवर कागद चिकटतो आणि माणसं आतच राहतात. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करते. मग लिलावाची जाहिरात, दोन वर्तमानपत्रांत, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. पहिल्या लिलावाआधी तीस दिवसांची मुदत. अन्याय झालाय असं वाटलं तर कर्जदारानं पंचेचाळीस दिवसांत ऋण वसुली न्यायाधिकरणात जायचं. आष्ट्याच्या माणसासाठी ते पुण्यात आहे.

सहकारी बँकांना हा कायदा लागू होतो की नाही यावर बरीच वर्षं वाद होता. तो मिटला तो आमच्याच शेजारच्या जिल्ह्यातल्या एका प्रकरणात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या विश्वासराव पाटील सहकारी बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ५ मे २०२० रोजी निकाल दिला: सहकारी बँकांनाही हा कायदा वापरता येतो. गल्लोगल्ली सहकारी बँका असलेल्या आपल्या भागात या निकालाचा अर्थ फार मोठा आहे. ज्या बँकेचा संचालक आपल्या लग्नात अक्षता टाकायला येतो, तीच बँक आता भिंतीवर कागद चिकटवू शकते.

तर एके दिवशी शीटमध्ये आष्ट्याची ओळ आली आणि ती हिरवी होती. गावातलंच दुमजली घर, तीन गुंठे जागा, राखीव किंमत ३२ लाख. मी बाजारभाव धरला ४२ लाख. चतुःसीमा वाचता वाचताच कुठलं घर ते लक्षात आलं. आष्ट्यात पूर्ण अनोळखी असं कोणी नसतं. त्या घरच्या मुलीच्या लग्नात आमचे पप्पा जेवून आले होते.

भावईला गावी गेलो तेव्हा घर बघायला गेलो. बँकेनं पाहणीसाठी दिलेलीच तारीख होती. बँकेचा माणूस बाहेर मोटारसायकलवर फोन बघत बसला होता. दार काकूंनी उघडलं.

"घर बघायला आलास व्हय? ये की आत. चप्पल राहू दे."

मला वाटलं होतं शिव्या पडतील. पडल्या नाहीत, चहा आला. काका पलंगावर बसून होते. त्यांनी स्वतःच हिंडून घर दाखवलं. कुठल्या खोलीचा स्लॅब कधी टाकला, कुठं पावसात ओल येते, बोअरला पाणी किती फुटांवर लागलं. ओल दाखवायची त्यांना काही गरज नव्हती. मी विचारलंही नव्हतं. "घेणाऱ्याला म्हाईत असावं," म्हणाले.

कर्ज पोल्ट्रीसाठी होतं. शेड शेतात, तारण घर. २०२० च्या फेब्रुवारीत कोंबडी खाल्ल्यानं कोरोना होतो अशी अफवा उठली आणि राज्यभर कोंबडीचे भाव कोसळले. लोकांनी फुकट वाटल्या, कुणी जिवंत पुरल्या. काकांनी त्या हंगामात एक पूर्ण बॅच घालवली. पुढची बॅच हातउसने घेऊन भरली, तिला खाद्याची महागाई नडली. मूळ कर्ज १९ लाखांचं, जाहिरातीत थकबाकी २४ लाखांच्या आसपास. कायद्याची गंमत अशी की शेड ज्या रानात आहे त्या रानाला सरफेसी लावता येत नाही. कलम ३१ शेतजमिनीला सूट देतं. धंदा रानात बुडाला, रान वाचलं आणि गावातलं घर गेलं.

"रान विकून भरायचं होतं की," मी म्हणालो.

"दोन भावांत सामाईक हाय. धाकटा सही देत न्हाई," काका म्हणाले. त्यावर कोणीच काही बोललं नाही. सांगली जिल्ह्यातली निम्मी कर्जं या एका वाक्यावर येऊन अडत असतील.

निघताना काकूंनी विचारलं, "बत्तीस लाखाला गेलं तर आमचं सगळं फिटंल न्हवं? मागं काय राहणार न्हाई?"

त्यांना वाटत होतं की घर गेलं की सगळं गेलं. किंमत कितीही येवो, ती बँकेची. आता मला कायदा माहीत होता. सरफेसीच्या कलम १३ मध्ये स्पष्ट आहे: विक्रीच्या रकमेतून आधी खर्च, मग बँकेची बाकी, आणि उरेल ते ज्याचं त्याला परत. म्हणजे घर ३२ लाखांना गेलं तर २४ लाख आणि खर्च वजा जाता सात-आठ लाख या दोघांचे. ४० लाखांना गेलं तर त्यांचे जवळपास दुप्पट होतात.

मी दारात उभा होतो आणि डोक्यात शीटमधली ती हिरवी ओळ होती. दहा लाखांचा फरक. इतके महिने मी त्याला 'डिस्काउंट' म्हणत होतो, जणू बँक ऑफर देतेय. तो पैसा बँकेचा नव्हताच. बँकेची बाकी बत्तीस लाखांत पूर्ण फिटत होती. ते दहा लाख समोर चहाचे कप गोळा करणाऱ्या बाईचे होते.

मी परत आत जाऊन बसलो आणि त्यांना सांगितलं. बँकेकडून आजच्या तारखेपर्यंतचा खातेउतारा लेखी मागा, व्याज आणि खर्च वेगवेगळे दाखवलेला. लिलावानंतर उरलेल्या रकमेसाठी अर्ज करा, पोच घ्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, घेणारे वाढवा. गावात, सांगलीत, पाहुण्यांत, ज्याला ज्याला घर घ्यायचंय त्याला सांगा. लाज वाटेल, पण सांगा. एकटाच गिऱ्हाईक आला तर घर राखीव किमतीच्या आसपास जाईल. चार आले तर भाव निघेल.

काकांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. "पण मग तुला महाग पडंल की रं."

"पडेल," मी म्हणालो.

त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला, ज्याचं उत्तर द्यायला मला जड गेलं. आता कुठून पैसे आणून भरले तर घर सुटेल का? २०१६ च्या दुरुस्तीआधी विक्री पूर्ण होईपर्यंत कर्जदाराला पैसे भरून घर सोडवता यायचं. दुरुस्तीनं ती वेळ लिलावाच्या जाहिरातीपर्यंत मागं आणली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये बाफना मोटर्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्का मारला. जाहिरात छापून आली की हक्क संपला. यामागचं कारण समजण्यासारखं आहे. लिलावात बोली जिंकणाऱ्याला खात्री नसेल तर कोण येईल? पण त्या वर्तमानपत्राच्या पानाला केवढं वजन आहे ते मला त्या दिवशी उमगलं. जे पान कोणी वाचत नाही, त्याच्या तारखेवर घर हातातून सुटतं.

रात्री मित्राला फोनवर सांगितलं. तो हसला. म्हणाला, "तू इन्व्हेस्टर आहेस की तलाठी?" त्याचं गणित सरळ होतं. माहिती हाच आपला नफा. समोरच्याला ती फुकट दिली तर उरलं काय? मी त्याला वाईट म्हणणार नाही. तो घर रिकामं करून घ्यायला गुंड पाठवत नाही, कागद नीट तपासतो, पैसे वेळेवर भरतो. बाजारातले बरेच जण एवढंही करत नाहीत.

घरी मात्र दोन पक्ष पडले. आईचं म्हणणं एकच होतं: दुसऱ्याची हाय लागलेल्या घरात मी पाय ठेवणार नाही. पप्पा गप्प जेवत होते. ते एसटीत कंडक्टर होते. निवृत्तीच्या पैशांतले साडेतीन लाख त्यांनी एका पतसंस्थेत ठेवले होते आणि ती संस्था बुडाली. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. ताईच्या लग्नात त्यांनी त्या पावत्या दाखवून लोकांकडून उसने पैसे घेतले होते.

"हाय कुणाची लागत नाही," ते आईला म्हणाले. "माझे पैसे ज्यांनी बुडवले ते बुलेटवर फिरत होते. त्यांची घरं वेळेवर विकली असती तर माझ्या पावतीला किंमत राहिली असती. बँकेत पैसा असतो तो कुणाचा? माझ्यासारख्यांचाच. लिलाव वाईट नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "त्यांना सांगितलंस ते बरं केलंस. आता बोली लाव. जेवढी किंमत आहे तेवढी लाव."

माझ्या शीटमध्ये न मावणारी गोष्ट पप्पांनी दोन वाक्यांत मांडली होती. लिलावात स्वस्त मिळालेलं घर नेहमी कुणाच्या तरी खिशातून स्वस्त झालेलं असतं. थकबाकी घराच्या किमतीपेक्षा कमी असेल तर तो खिसा कर्जदाराचा. थकबाकी किमतीपेक्षा जास्त असेल तर बँकेचा, म्हणजे पप्पांसारख्या ठेवीदारांचा. शिवाय उरलेली बाकी कर्जदाराच्या मानेवर राहतेच, बँक तिच्या वसुलीसाठी पुन्हा जाऊ शकते. तिसरा एक प्रकार आहे, जिथं सवलत खरंच घेणाऱ्याच्या मेहनतीची असते. घरात माणसं आहेत, ताबा कधी मिळेल ठाऊक नाही, घरपट्टी थकलीय, वीजबिल थकलंय. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की नियमांत तशी तरतूद असेल तर वीज कंपनी जुन्या मालकाची थकबाकी नव्या मालकाकडून मागू शकते. ही सगळी जोखीम 'जसे आहे जेथे आहे' या शब्दांत घेणाऱ्याच्या गळ्यात पडते. तिची किंमत वजा करणं रास्त आहे. मी ती मोजली. साडेतीन लाख. म्हणजे माझी कमाल बोली साडेअडतीस लाख.

आमच्या भागाला हा प्रश्न नवा नाही. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांवर चालून गेले. त्यांना हवे होते ते कर्जरोखे. ते मिळवून जाळायचे, हाच दंगलीचा मुख्य उद्देश. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, इंग्रज सरकारनं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी संरक्षणाचा कायदा आणला. तो आधी चार जिल्ह्यांना लागू झाला: पुणे, सोलापूर, नगर आणि सातारा. आजचा सांगली जिल्हा तेव्हा नव्हता. तो १९४९ मध्ये दक्षिण सातारा म्हणून झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. वाळवा तालुका तेव्हा साताऱ्यात, म्हणजे आमच्या पणजोबांच्या गावाला तो कायदा लागू होता. त्या कायद्यानं न्यायाधीशाला एक साधी गोष्ट करायला लावली: रोख्यावर लिहिलेला आकडा तसाच मानू नका, मागं जाऊन खरा हिशेब बघा. दीडशे वर्षांनी काकूंना मी तेच सांगत होतो. खातेउतारा मागा.

लिलाव ऑनलाइन होता. आता सरकारी बँकांचे लिलाव 'बँकनेट'वर दिसतात, सहकारी बँका आपापली सोय करतात. राखीव किमतीच्या दहा टक्के, ३ लाख २० हजार, इसाऱ्याची रक्कम म्हणून आधी भरले. जिंकलो असतो तर दुसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत एकूण पंचवीस टक्के आणि विक्री पक्की झाल्यापासून पंधरा दिवसांत उरलेले पंचाहत्तर टक्के. चुकलो तर भरलेलं जप्त. कर्जाची तत्त्वतः मंजुरी मी आधीच घेऊन ठेवली होती.

ऑफिसात मीटिंग रूम बुक करून लॅपटॉपसमोर बसलो. बँकेच्या अधिकाऱ्यानं आधी फोनवर सांगितलं होतं की अशा गावातल्या घराला एखादाच येतो. स्क्रीनवर पाच बोलीदार होते. काका-काकूंनी सांगितलं होतं तर. बोली पंचवीस हजारांनी चढत गेली. शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली की वेळ पाच मिनिटांनी वाढते. असं किती वेळा वाढलं ते मोजायचं मी सोडून दिलं. छत्तीसला दोघं गळाले, सदतीसला आणखी एक. मी आणि समोरचा एक आकडा उरलो. साडेअडतीसला मी थांबलो. समोरच्यानं पुढची बोली लावली आणि मी हात मांडीवर ठेवून घड्याळ संपेपर्यंत बसून राहिलो. ३८ लाख ७५ हजार. इसाऱ्याचे पैसे आठवड्याभरात परत आले.

घर गावातल्याच एका कापड दुकानदारानं घेतलं, स्वतः राहायला. काकांनी लिलावानंतर स्वतःहून किल्ली दिली, त्यामुळे जिल्हाधिकारी, पोलीस, पंचनामा काही लागलं नाही. शिल्लक रक्कम हातात यायला चार महिने आणि तीन अर्ज लागले. ते आता दोन खोल्यांत भाड्यानं राहतात. पोल्ट्रीची शेड दुसऱ्याला चालवायला दिलीय. सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. गेल्या महिन्यात काकू बाजारात भेटल्या तर पैशांबद्दल एक शब्द नाही. "परसातला शेवगा तोडला रं त्यांनी," एवढंच म्हणाल्या, "गाडी लावायला."

आई विचारते, अजून तो नाद आहे का? आहे. मला घर हवंय आणि लिलावात घर घेणं मला पाप वाटत नाही. कुणीच बोली लावली नाही तर काकांच्या घराचा भाव पडला असता, कर्ज मात्र वाढत राहिलं असतं. घेणारा असावाच लागतो. तो कसा असावा एवढंच माझ्या हातात आहे.

शीटमध्ये मी एक रकाना वाढवलाय. राखीव किंमत आणि बाजारभाव यांच्या शेजारी आता थकबाकी असते. ती जाहिरातीत छापलेलीच असते, फक्त मी आधी ती गोळा करत नव्हतो, कारण नफ्याच्या गणितात तिचं काही काम नव्हतं. तीन आकड्यांवरून स्क्रिप्ट आता सांगते की फरक कुणाच्या खिशातला आहे. त्या रकान्यात 'बँक' आलं की मी माझ्या भावानं बोली लावतो. 'मालक' आलं की आधी त्या घरी जातो, मग बोली लावतो. पुढच्या गुरुवारी कवठेमहांकाळला जायचंय.